उकळलेली पपई

मी नारपोलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एका रविवारी शेलार गावी माझ्या सासुरवाडीत मटणाचा बेत होता. कच्च्या पपईतलं विकर मटणातली प्रथिनं तोडतं, म्हणून मटण मऊ होतं, असं मी सासूबाईंना ऐटीत समजावलं. मग जंतू मरावेत म्हणून पपई चांगली उकळून मटणाला चोळली.

जेवताना सासरे एकच तुकडा बराच वेळ चावत राहिले.

"जावयबापू, पपई उकळली व्हती का?" सासूबाईंनी विचारलं. "कच्चीच लावायची आसते. उकळून काय उपेग न्हाय."

उकळल्यावर विकराचा आकार बिघडतो आणि त्याचं काम थांबतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या दुपारी सगळ्यांनी रस्सा-भाकरीवर भागवलं. तुकडे मी एकट्यानेच, मान खाली घालून संपवले.