चाचांचे पाहुणे

"जरा वाट दे गो त्यांना," असं मला म्हणत चाचा पाय पोटाशी घ्यायचे. पडवीतल्या बाकावर बसलेले असायचे आणि समोरून कुणी मोठं माणूस जातंय अशी अदबीनं मान लववायचे. समोर कुणीच नसायचं. अंगणात कोकमं वाळत पडलेली, तेवढीच.

रोह्यात मला मिळालेलं हे पहिलं काम. आम्ही हिंगोलीकडचे. आठवीत माझी शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याला इथल्या कंपनीत ठेक्यावर लावलं म्हणून एवढ्या लांब आलो. चाचांची बायको वारलेली, मुलगा कुवेतला. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, कडेकडेनं नुसतं धूसर दिसायचं. स्वयंपाक करायचा, औषधं द्यायची, संध्याकाळपर्यंत सोबत बसायचं. पण ते पाय आवरणं बघून पहिल्याच दिवशी मी घाबरले. काम सोडायचं ठरवूनच त्यांना ताट वाढलं. तर म्हणाले, "बाय, तू जेवलीस काय?" या गावात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी राहिले.

पुढे त्यांनीच सांगितलं. माणसं दिसतात. टोप्या घातलेली बुटकी माणसं, हिरव्या साडीतल्या बायका. बोलत नाहीत, येतात नि जातात. एकही ओळखीचं नाही. "पोराला बोलू नको हां. बापाचं डोकं फिरलं म्हणून घराला कुलूप लावंल नि मला उचलून नेईल." तुमच्याआमच्यातल्या कुणीही हे लपवलंच असतं.

मग मी त्यांची साक्षीदार झाले.

"बाय, पडवीत उंट हाय काय?"

"नाय चाचा."

"बरं झालं. चारा कुठनं आणला असता?"

एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात मुकाट उभा. चाचा मला म्हणाले, "हा कधीचा उभा हाय. कंटाळला की जाईल आपला." गॅसवाला म्हणाला, "कंटाळलोच चाचा, सही कोण करतंय?" चाचा दचकले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण मी भित्री. आज उंट, उद्या जिना समजून परसातल्या विहिरीत पाय टाकला तर? मागे लागून त्यांना एसटीनं पेणला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे वेड नाही बाबा. डोळा नुसता निरोप पाठवतो, त्याचं चित्र मेंदू बनवतो. तुमच्या डोळ्यांकडून निरोप येत नाहीत, तर तो आपला आपणच चित्रं काढत बसलाय. हळूहळू थांबेल."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. चाचा मात्र पुढे झुकले. "मग मॅडम, त्याला सांगून एखादं माणूस काढून घेता येतं काय?"

"नाही हो. ते आपल्या हातात नसतं."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. रोहा जवळ आल्यावर म्हणाले, "चाचीचा आवाज हाय डोक्यात. बांगड्या हायत. चेहरा नाय येत गो आता. फोटो हाय, पण तो बघणार कशानं?" तेव्हा मला कळलं, हिरव्या साडीतली बाई आली की चाचा एवढे वाकून का बघायचे. "उंट काढतो," ते म्हणाले, "उंटाशी माझं काय नातं? तिला काढायला काय होतं त्याला?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं. पाहुणे कमी झाले, मग यायचे थांबले. लोक म्हणाले असते, चाचा बरे झाले. चाचांचं जेवण मात्र कमी झालं. दुपारी विचारायचे, "कोण आलं काय?" चाची आली म्हणावं, असं एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना आवाजावरून खोटं कळायचं.

एका संध्याकाळी मी निघताना म्हणाले, "तू कशी दिसतेस गो? नजर गेल्यावर आलीस तू. माझ्याकडं तुझा नुसता आवाज हाय."

मी लाजले. "दिसते आपली, बायामाणसांसारखी."

"नाक कसं हाय?"

"असतं तसंच की."

"कुणाचं असतं तसं?" खूप दिवसांनी हसले. "उद्या नीट सांग. चाचीचा चेहरा गेला, तुझा तरी ठेवून घेतो."

घरी गेल्यावर मी आरशासमोर उभी राहिले. टिकली लावण्यापुरतंच बघायची सवय, एवढं निरखून स्वतःला कधी बघितलं नव्हतं. शब्द जुळवले. कपाळ अरुंद. नाक बसकं. गालावर लहानपणी भाजल्याचा डाग. हसताना एक डोळा बारीक होतो. नवरा म्हणाला, "काय झालं तुला?" मी म्हटलं, "काम हाय."

सकाळी वाटभर तेच घोकत गेले. चाचांच्या दारात चपलाच चपला. शेजारची भाभी पुढे आली, माझा हात धरून म्हणाली, "पहाटे गेले गो. झोपेतच."

मी अंगणात उभी राहिले. नाक, कपाळ, डाग, सगळं तोंडपाठ होतं.