शिवलेलं पान

मॅडम पुस्तकाच्या पानावर पालथा तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाकीचं उद्या, पोट्टेहो." गोष्ट ऐन रंगात आलेली असायची. आम्ही चिडायचो, बाकं वाजवायचो. तो हात मात्र तसूभर हलायचा नाही.

पुलगावच्या आमच्या शाळेत या मॅडम दहावीला इंग्रजी शिकवायच्या. पिपरीहून रोज बसनं येत. सासर भाजी पिकवणाऱ्यांचं. वर्गात जो अख्खं पान न थांबता वाचेल, त्याला घरच्या वाडीतल्या सांबाराची जुडी बक्षीस. इंग्रजी वाचून कोथिंबीर मिळवणारी आमचीच शाळा असेल! मी अडखळले, लाजून गप्प बसले, की म्हणायच्या, "काऊन भेऊन राह्यली? चुकजो, पण जोरात चुकजो."

गोष्टीचा शेवट आधीच वाचून टाकणाऱ्यांचा त्यांना भारी राग. म्हणून नवी पुस्तकं आली की सुई-दोरा आणायला लावायच्या. प्रत्येक गोष्टीची शेवटची दोन पानं एकमेकांना शिवायची आणि वर्गात तिथवर पोचलो, की सगळ्यांनी मिळून दोरा तोडायचा. माझी आई कपाळाला हात लावायची. "इंग्रजी शिकवून राह्यली का शिवणकाम?"

त्या वर्षीची शेवटची गोष्ट एका बापाची होती. घर सोडून गेलेली मुलगी परत येणार म्हणून तो लहानशा स्टेशनवर उभा. गाडी येते, डब्याचं दार उघडतं आणि पुढे आमचा दोरा. मॅडमचा आवाज त्या दिवशी फार बसला होता. गेले कित्येक दिवस बसलेलाच होता, पण आम्हाला कसली फिकीर! आम्ही एकच धोशा लावला, ती उतरते का? त्यांनी हात ठेवला. "बाकीचं उद्या."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मग कळलं, सावंगीला दवाखान्यात आहेत, घशाचं ऑपरेशन झालं.

बाबांबरोबर मी भेटायला गेले. गळ्यात नळी होती. बोलता येत नव्हतं, आता येणारही नव्हतं. मला रडूच कोसळलं. त्यांनी माझ्या दप्तराकडे बोट केलं. मी पुस्तक काढून तीच गोष्ट वाचायला लागले, चुकत, पण जोरात. शेजारच्या खाटेवरची आजीसुद्धा ऐकत होती. स्टेशन आलं, गाडी आली, दार उघडलं. मी दोऱ्याला हात घातला, तर मॅडमनी आपला तळहात पानावर ठेवला. ओठ हलले. आवाज नव्हता, तरी मला ऐकू आलं.

मी हरखले. उद्या म्हणाल्या, म्हणजे वर्गात परत येणार, एवढंच मला कळलं. तसं घरभर सांगितलंही.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

नवे सर आले. परीक्षा तोंडावर होती, त्यांनी सरळ दोरे तोडायला सांगितलं. वर्गात सगळीकडे कटकट आवाज झाला. माझ्यानं काही तोडवलं नाही. मैत्रिणी शेवट सांगायला लागल्या, की मी कानावर हात ठेवायची.

बोर्डाच्या पेपरात नेमका तोच प्रश्न आला, गाडीतून कोण उतरलं? बाकीचे सगळे प्रश्न मी सोडवले. मग त्या प्रश्नावर पालथा तळहात ठेवला आणि घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिले.