‘पाडू’ म्हणाले तेव्हा

मला शाळा दुसरीपर्यंतच. पण गाणी माझी मीच जुळवली, दुसऱ्याचं गाणं कधी तोंडात घेतलं नाही. सांगोल्याकडची मेंढरं सोडून सोलापूरच्या मिलमध्ये लागलो त्याला सहा महिने झाले नव्हते, तोवर माझ्या हसवायच्या गाण्यांचं आमच्या खात्यात नाव झालं होतं.

एक मास्तर अनाथ पोरांचा आश्रम चालवायचे. पाऊस दगा देऊन गेलेला, आश्रमाच्या कणगीत आठवडाभराचीच ज्वारी उरली होती. मास्तरांनी मला जलसा करायला सांगितलं. तिकीट नाही, येईल त्यानं घरून शेरभर ज्वारी आणून मांडवापुढं ठेवायची. मिलवाल्यांत दोन जलसे झाले. तिसरा तेलुगू विणकरांच्या पेठेत, सुट्टीच्या दिवशी दुपारी ठरला.

विणकर हातमागापुढच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसतो. त्याच्या बायकोच्या तोंडी मी गाणं केलं होतं:

अर्धा नवरा खड्ड्यात गं बाई, अर्धा नवरा वर,
वरला इणतो लुगडं माझं, खालला मागतो घर,
दोघांना मिळून एकच भाकर, वाढू कशी सांगा तर!

मांडवात शिरताना मास्तरांनी माझा दंड धरला. “ते खड्ड्याचं गाणं इथं नको हं. चिडून ज्वारी उचलून नेली तर पोरांना मी काय घालू?”

“गाणं विणकरावर केलंय मास्तर. मग काय मेंढरांपुढं म्हणू?”

आणि पहिलं तेच म्हटलं.

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत मराठी जाणणारा एक दुकानदार होता. तो मान वळवून मागच्याला तेलुगूत काही सांगायचा, मागचा त्याच्या मागच्याला. माझ्या डोळ्यांदेखत कुजबूज मागं मागं सरकत चालली होती. मी तिसरी ओळ पुन्हा म्हटली. मास्तर ज्वारीच्या ढिगाशी जाऊन उभे राहिले.

मग पुढचा एक म्हातारा विणकर उठला. धोतरावर सुताचे तुकडे चिकटलेले. हात वर करून तो ओरडला, “पाडू!”

मागून दहा-वीस जण ओरडले, “पाडू! पाडू!”

मला वाटलं, मांडव पाडू म्हणतायत. मेंढरांमागच्या लांडग्याला काठी घालणारा माणूस मी, असा पळणार होय? मांडवाच्या मेढीला मिठी मारली आणि गरजलो, “पाडा की! हितंच उभा हाय, बघू कोण पाडतोय! चार दाणं आणलं म्हणून राजं झाला व्हय? उचला ती ज्वारी अन् चालायला लागा!”

दुकानदाराचं तोंड पडलं. त्यानं हळूच मान वळवली आणि मागच्याला सांगायला लागला.

माझा ढोलकीवाला याच पेठेशेजारी वाढलेला, थोडं तेलुगू कळणारा. त्यानं ढोलकी टाकून माझा सदरा ओढला. “क्या कर्‍या रे बावा! पाडू मतलब गा! और गा बोलरैं तेरेकू!”

पण माझी शिवी तर तेलुगूत मागं निघाली होती. ती दुसरी रांग ओलांडून गेली, तिसऱ्या रांगेतल्या बाया पोरं काखेला मारून उठल्या. म्हाताऱ्याला पुढं बसल्यामुळं सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तो ढिगाकडं गेला, ढिगालगत न सोडता ठेवलेलं स्वतःचं फडक्यातलं गाठोडं शोधलं आणि उचललं. मास्तरांनी त्याच्यापुढं हात जोडले. त्यांनी कोणापुढं हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते.

चुकलो म्हणायचं तर तेलुगू येत नव्हतं, आणि मराठीत ते माझ्या तोंडून निघालं नसतं. मी ओरडलो, “ढोलकी घे!” आणि परत तेच गाणं धरलं. आवाज फाटत होता. दुकानदार बोलायचा थांबला, माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडंच बघून म्हटलं, “दोघांना मिळून एकच भाकर,” आणि ओळ तिथंच तोडली. तो थोडा घुटमळला. मग मागं वळून त्यानं शिवीऐवजी ती ओळ सांगितली. पाचव्या-सहाव्या रांगेत एक बाई फसकन हसली, तिच्या शेजारची हसली, मग मागून हसू पुढं यायला लागलं.

म्हातारा हसला नाही. माझं गाणं संपेपर्यंत तो गाठोडं धरून उभा होता. मग गाठ सोडली, ज्वारी ढिगावर ओतली, रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडं न बघता मांडवातून निघून गेला. “पाडू” पहिल्यांदा तोच म्हणाला होता.