नवरंगाच्या घरट्याला टेकू

वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, तव्यावर परतले की त्या वासाने मला मुलचेऱ्याकडचं ओलं जंगल आठवतं. लहानपणी तिथे आईसोबत वास्ते काढताना मी एक जाडसर कोंब खसकन कापला आणि त्याला टेकलेला पालापाचोळ्याचा गोळा कलंडला. आतून हिरवा-निळा, पोटाशी लालभडक असा नवरंग पक्षी उडाला. गोळ्यात अंडी होती. "काऊन नाई पाह्यलं?" आई ओरडली. मग तोच कोंब मातीत रोवून तिने घरट्याला टेकू दिला. "हा सडेपर्यंत पिल्लं उडून जातीन. आता इथी पाहाले येऊ नोको." मी गेले नाही. आज मी मोहर्लीत जंगल सफारीची गाईड आहे. पाहुणे नवरंग दाखवा म्हणतात, तेव्हा इथे जिथे नवरंगाचं घरटं आहे त्या बांबूपाशी वाघाची गोष्ट सुरू करते आणि जिप्सी पुढे न्यायला सांगते.