सतरा सूचनांचा गोषवारा

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? — खरंच माहीत नाही. पण आता सुरू केलंय तर सांगतो.

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आमच्याकडे रविवारी परीक्षा, सोमवारी भिंतीवर गुणांची यादी आणि त्या यादीच्या क्रमानं पोरांनी बसायचं. हुशार पुढं, बाकीचे मागं. इतकी वर्षं हेच करतोय, डोकंही तसंच झालंय — थांबा, हे मी कारण म्हणून सांगत नाही.

फावल्या वेळात लिहितोही. मराठीत लिहिणाऱ्यांचं एक छोटं संकेतस्थळ होतं, त्याच्या संपादक मंडळात होतो. मुखपृष्ठावर सगळ्यात वर 'नवं लेखन' असायचं. कुणी काही टाकलं की ते वर, आधीचं खाली. मी महिनाभर घासूनपुसून लेख लिहायचा आणि दुपारपर्यंत तो कुणाच्या तरी चारोळीखाली जायचा. मला राग यायचा. लाज वाटते सांगायला, पण यायचा.

तिथं एक बाई लिहायच्या. निलंग्याकडच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आता नांदेडला मुलाकडं. भूकंपात त्यांची अख्खी गल्ली गेली. तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी होत्या म्हणून ती दोघं वाचली, दुसरं कुणी नाही. त्या गल्लीच्या तोंडापासून एकेक घर घेऊन लिहीत होत्या. एका घराला पंधरा-वीस ओळी, मोबाईलवर एका बोटानं. कुणाचं लग्न कुणामुळं जमलं, कुणाची म्हैस मालकिणीशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. दहा-बारा माणसं नेमानं वाचायची, खाली दोन शब्द लिहायची. बाईंना तेवढं पुरायचं.

मग मुखपृष्ठ नव्यानं करायचं ठरलं. कल्पना माझी — वर 'सर्वाधिक पसंतीचं', आणि नवं लेखन आतल्या पानावर. पसंतीच्या आकड्यांत माझे जुने लेख पुढं होते. ते मी आधीच बघून ठेवलं होतं, हेही सांगून टाकतो. सदस्यांच्या सूचना मागवल्या. त्या माझ्याच ईमेलवर यायच्या, कारण गोषवारा मी करणार होतो.

सतरा आल्या. बारा जणांना नवं लेखन वरच हवं होतं. बाईंची सूचना सगळ्यात लांब. त्यात एक ओळ होती — 'वर दिसतं म्हणून लोक वाचतात सर, आत जाऊन कोण हुडकतंय?'

मी गोषवाऱ्यात लिहिलं, 'बहुतेक सदस्यांना बदल पसंत आहे.' आणि त्या बारा सूचना पुसून टाकल्या. बाईंची सगळ्यात आधी.

इथंच थांबता आलं असतं, नाही? पण अजून आहे. नवं पान आलं. बाईंच्या पुढच्या चार घरांखाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मग त्यांचा फोन आला.

"सर, लोकाला कंटाळा आला का हो माझ्या लिहिण्याचा? खरं सांगा, मला राग न्हाई यायचा."

खरं एका वाक्याचं होतं. तुमचं लेखन कुणाला दिसतच नाही बाई — एवढंच. पण मग का दिसत नाही, हे त्यांनी विचारलं असतं.

"हाव बाई," मी म्हणालो, "थोडा आलाय. काही दिवस थांबा."

बरं म्हणाल्या. आणि थांबल्या. गल्लीत कासारांच्या घरापर्यंत लिहून झालं होतं.

तीन वर्षांनी नांदेडला त्यांच्याकडं गेलो. सुनेनं माझं नाव सांगितलं तेव्हा हसल्या, "सरांनी लई केलं माझ्यासाठी" म्हणाल्या. मी मान खाली घालून चहा प्यालो. मग विचारलं, कासारांच्या पुढं कुणाचं घर होतं?

बाईंनी गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. दोन घरं नीट सांगितली, तिसऱ्याला अडकल्या. परत पहिल्यापासून आल्या, परत तिथंच अडकल्या.

"व्हतं की कुणाचं तरी," म्हणाल्या, आणि सुनेकडं बघितलं. तिला काय माहीत? ती तर नंतरची.

कासारांच्या पुढच्या घरांत कोण राहत होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बाईंना येत होतं. मी त्यांना थांबा म्हणालो.