मापाचा ब्लाऊज नसलेली नवरी

द्रौपदीबाई तायडे घाटकोपरला आमच्या बिल्डिंगखाली बावीस वर्षं ब्लाऊज शिवतात. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "मापाचा ब्लाऊज आणलाय?" नसेल तर सरळ परत पाठवतात. मला वाटायचं, बाई भाव खाते.

त्या शनिवारी मी साडीला फॉल लागायची वाट बघत दुकानात सातवीच्या गणिताच्या वह्या तपासत बसले होते. पवईहून रुचिरा नावाची मुलगी आली. लग्न आठवड्यावर, हातात आजीच्या शालूतला एकुलता एक तुकडा. मापाचा ब्लाऊज नव्हता, कारण तिने जन्मात साडी नेसली नव्हती. द्रौपदीबाईंनी चक्क टेप लावून मापं लिहून घेतली. "बुधवारी ये." ती गेली आणि बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"मॅडम, मला टेपवरून कापता येत नाही. शिकवलंच नाही कुणी. जुने ब्लाऊज उसवून उसवून शिकले. नमुना असला की डोळे झाकून कापते. हे कापड वाया गेलं तर दुसरं कुठून आणू?"

"मग घेतलंत कशाला?"

"बावीस वर्षं नाही म्हणतेय. कंटाळा आला ओ."

मला बटणसुद्धा धड लावता येत नाही. तेवढ्यात त्यांचं लक्ष वहीकडे गेलं.

"हा एक्स कोण?"

"कोणतीही संख्या."

"कोणतीही म्हणजे कुणाची?"

तीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "समजा, दुकानात येईल त्या बाईची छाती."

भिंतीवर खिळ्याला वर्तमानपत्राचे कापलेले नमुने टांगलेले होते, प्रत्येकावर छातीचं माप. बाईंनी ते भराभर उतरवले आणि अर्ध्या पाठीच्या कागदांची रुंदी मोजली. बत्तीसला दहा इंच. छत्तीसला अकरा. चाळीसला बारा.

"अगं बाई! छाती चारनं वाढली की कागद एकानं वाढतोय."

मी वहीच्या मागे लिहिलं, एक्स भागिले चार, अधिक दोन. "पण हे दोन कशाचे?"

"शिलाईला, न् पुढं अंग भरलं तर उसवायला."

चव्वेचाळीसचा कागद मोजायच्या आधीच मी तेरा म्हटलं. तेरा निघाले. बाई हरखल्या, पण लगेच अडल्या. "दंड याच्यात बसत नाही. सारख्या छातीच्या दोघींचे दंड वेगळे असतात."

"मग दंडाला वाय."

गळ्याला झेड द्यावा लागला. दुपारचं जेवण दोघीही विसरलो.

रुचिराची छाती चौतीस. एक्सच्या जागी चौतीस ठेवले, साडेदहा आले. आधी कागद कापला, मग शालू. कात्री लागली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यांनी नाही.

बुधवारी रुचिरा ब्लाऊज घालून पडद्याआडून बाहेर आली. हात वर केले, वळून बघितलं. कुठे एक चुणी नाही.

"काकू, कसला झकास बसलाय! कुणाच्या मापावर कापलात?"

द्रौपदीबाई कात्री पुसत म्हणाल्या, "तुझ्याच."