शटरआडची सनई

माधवनगरच्या त्या गल्लीत गजराची घड्याळं घरोघरी होती, पण पहाटे उठायचं असलं की लोक इमामचाचांना सांगून ठेवत. बावीस वर्षं चाचांनी मिलचा भोंगा वाजवला होता. मिल बंद पडली, भोंगा गप्प झाला आणि चाचा गल्लीतल्याच कॉम्प्युटर क्लासात शिपाई म्हणून लागले. पहाटेची सवय मात्र सुटली नाही. कुणाला रेल्वे गाठायची असो की पहिली पाळी, संध्याकाळी कानावर घातलं की काम फत्ते. चाचा तीनदा कडी वाजवत आणि आतून "उठलो, उठलो" असा आवाज आला तरी जागचे हलत नसत. "तोंडानं उठू नगा, जमिनीवर पाय वाजवा," म्हणत. पाय वाजले की पुढचं दार. त्याबद्दल त्यांनी कधी एक पैसा घेतला नाही. चहा घेत, तोही बशीतून.

क्लासच्या समोरच्या खोलीत आम्रपाली आणि तिची आई बनाबाई राहत. बनाबाई दवाखान्यात आया, अर्धा महिना रात्रपाळी. पोरीनं नर्स व्हायचं, हे मायलेकींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. पण अठ्ठ्याण्णव साली घोळ झाला. साताऱ्याला नर्सिंगची मुलाखत, आई ड्यूटीवर, उशाशी घड्याळ. ते वाजलं आणि आम्रपालीनं झोपेतच त्याच्या डोक्यावर थापट मारून त्याला गप्प केलं. ती साताऱ्यात पोचली तेव्हा नावं पुकारून झाली होती. एवढ्याशा कामासाठी म्हाताऱ्याला कशाला त्रास, म्हणून तिनं चाचांना सांगितलंच नव्हतं. हे कळल्यावर चाचा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

एकोणीसशे नव्व्याण्णवला पुन्हा बोलावणं आलं. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. या खेपेला तिनं पत्र आधी चाचांनाच दाखवलं. आणि नेमकं नशीब आडवं आलं. चाचांच्या लेकीचं, अल्फियाचं, विट्याच्या दवाखान्यात सिझर ठरलं, ते मुलाखतीच्या आदल्याच दिवशी. जावई दूर तमिळनाडूत सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानावर, चाची तिकडे एकटी. चाचांना जाणं भाग होतं.

"लालासाहेबास्नी सांगू का?" आम्रपालीनं विचारलं.

"त्यास्नी कोण उठवणार?" चाचा म्हणाले. शेजारचे लालासाहेब आठाच्या आत डोळा उघडत नसत, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

क्लास चालवणारे प्रशांत सर एकदा मुलांना सांगत होते, की नवा कॉम्प्युटर वेळ लावून ठेवली तर आपला आपण सुरू होतो. चाचा तेव्हा खुर्च्या पुसत होते. आता त्यांना ते आठवलं आणि ते सरांच्या मागेच लागले. सरांनी मशीन सुरू करताना एक बटण दाबून निळा पडदा आणून दाखवला. त्यात वेळ भरायची. मशीन बंद असलं तरी त्या वेळेला ते जागं होतं, आणि जागं झालं की गाणं लागेल अशी सोय दुसरीकडे करून ठेवायची. चाचांना इंग्रजीचा गंध नव्हता. त्यांनी पडद्यावरची अक्षरं चित्रं काढावीत तशी वहीत उतरवून घेतली आणि तीन दिवस रोज क्लास सुटल्यावर तेवढंच घोटलं. वेळ लावली चार अठ्ठावीसची, कारण मशीनला डोळे चोळायला दोन मिनिटं लागतात, हे त्यांनी मोजून पाहिलं होतं.

"चाचा, एवढा कुटाणा कशाला? घड्याळ हाय की."

"घड्याळापर्यंत तुजा हात पोचतोय. हे शटरच्या आत. किल्ली माज्या खिशात आन मी विट्यात. मार आता थापट!"

पहिल्या तालमीला चाचा आणि आम्रपाली पहाटे शटरबाहेर उभे राहिले. साडेचार झाले, पावणेपाच झाले. आत चिडीचूप. चाचांनी शटर उघडलं आणि कपाळावर हात मारला. रात्री क्लास बंद करताना मेन स्विच पाडायचा, हा नियम त्यांच्या हातात इतका भिनला होता, की त्यांनी तो न विसरता पाळला होता. त्यांनी स्विचवर कागद चिकटवला, 'हात लावू नये', आणि खाली सही केली. गल्लीत दुसरं कुणी त्या स्विचला हात लावत नव्हतं. स्वतःलाच दम देणारा असा माणूस आम्रपालीनं दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या तालमीला, सरांच्या देखत, सनई वाजली. चाचा मान डोलवत राहिले, मग सरांना म्हणाले, "आन लाईट गेली तर?"

"मग मशीन उठायचं नाही," सर म्हणाले.

मुलाखतीच्या आदल्या रात्री बनाबाई ड्यूटीवर होती. आम्रपालीनं घड्याळही लावलं होतं, पण त्याचं काय झालं ते तिला अजून आठवत नाही. आठवते ती सनई आणि चौघडा. चाचांनी जाताना स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत पिळून ठेवला होता. ती ताडकन उठून बसली. बाहेर दारं उघडत होती, पोरं रडत होती. लालासाहेब जन्मात पहिल्यांदा साडेचारला रस्त्यावर आले होते, टॉवेल गुंडाळून, "कुणाचं लगीन हाय रं?" करत शटर बडवत होते.

ती तोंड धुऊन पिशवी घेऊन बाहेर आली, तर तिच्याच पायरीवर मफलर गुंडाळलेले चाचा बसलेले, शेजारी सायकल.

"चाचा! तुमी कवा आलासा?"

"च्यारला. दुधाच्या टेम्पोतनं. नात झाली गं, लय ग्वाड हाय. सांजच्याला जावई पोचला, तवा म्हटलं, चला. बस म्हागं."

लालासाहेब धावत आले. "आवं इमामभाई, ते आदी बंद करा की!"

"वाजू द्या. पोरगी गाडीत बसली की येतो." आणि त्यांनी सायकलवर टांग मारली.

सायकल सांगलीच्या रस्त्याला लागली. मग तिनं विचारलं, "दारात बसून ऱ्हायलासा, मग कडी का न्हाई वाजवली?"

"साडेच्यारची येळ मशीनला दिलीती. त्येनं केलं त्येचं काम. लाईट गेली आसती, तर च्यार एकतीसला मी वाजवली आसती."

आम्रपालीला रडू फुटलं. त्या एका मिनिटासाठी हा माणूस नातीला डोळे भरून न बघता रात्रभर दुधाच्या कॅनवर बसून आला होता. तिनं मागून त्यांचा सदरा घट्ट धरला. चाचा पेडल मारत म्हणाले, "रडून डोळं सुजवू नगंस. मुलाखतीला जायाचं हाय."